घट

विटा ते सेलम, मोजून आठशे साठ.
सत्तावीस वर्षं हा रस्ता माझ्या कमरेत बसलाय:
कोल्हापूर, निपाणी, हुबळी, मग चित्रदुर्गच्या पवनचक्क्या,
मग बंगळूरचा तो बाहेरचा रस्ता,
जिथे दर खेपेला मी एक फाटा चुकतो.
डिझेलची गाडी म्हातारी झाली.
लेक म्हणाली, आता विजेची घ्या.
शोधायला गेलो तर दोन निघाल्या,
आणि घरात भांडण लागलं.

पांढरी: मोठी बॅटरी, कागदावर पाचशे ऐंशी.
निळी: कागदावर चारशे दहा,
पण वीज गटागटा पिते,
पस्तीस मिनिटांत तोंड पुसून तयार.
पांढरीला तेवढ्यालाच दीड तास लागतो.

मी गलाईवाला. जन्म मुशीपुढे गेला.
कुणी बावीस कॅरेट म्हणून पाटली पुढे ठेवली
की मी काही बोलत नाही,
कसाच्या दगडावर एक रेघ ओढतो,
तेजाबाचा थेंब सोडतो,
आणि वितळवायच्या आधीच सांगतो
तोळ्यामागे किती जाईल.
म्हणून सांगलीच्या शोरूममध्येही एकच विचारलं,
"घट किती?"

पांढरीवाला पोरगा म्हणाला,
"काका, लिहिलंय तेवढी जाते."
मिरज रोडच्या दुसऱ्या दुकानात जमीर मुल्ला होता.
त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग शालनकडे, मग छताकडे.
"एसी लावला की पन्नास गेले.
शंभरच्या वर पळवली तर अजून साठ.
चार माणसं, भरलेली डिकी, समोरून वारा...
तीनशे धरा. नाहीतर दोनशे ऐंशीच धरा,
म्हणजे मला शिव्या देणार नाही."

घरी येऊन वहीत रेघा मारल्या.
पांढरीची घट मीच धरली, अंदाजाने:
दावणगिरी, बंगळूर, दोन थांबे.
निळीला हुबळी, चित्रदुर्ग, होसूर. तीन.
एका थांब्यापायी आठ दिवस घर धुमसतंय!
हुबळीच्या हॉटेलला फोन लावला,
मोडक्या कन्नडमध्ये विचारलं, चार्जर चालू आहे का.
राखणदार म्हणाला, करंट आहे, गन तुटलीय,
गुरुवारी येईल.
कुठल्या गुरुवारी, ते त्याने सांगितलं नाही.

मी पांढरीकडे झुकलो.
शालन शेंगा फोडत बसली होती.
मान वर न करता म्हणाली,
"गाडीची ऱ्हाऊ द्या. तुमची रेंज किती हाय?"

यावर वहीत लिहिण्यासारखं काही नव्हतं.
दर दीड तासाला लघवी,
निपाणीच्या पुढे डावा गुडघा,
जेवणाआधी इन्सुलिन, आणि जेवण वेळेवर.
घट धरली तर दीडशे किलोमीटर. उतारावर एकशे साठ.

आण्णा पहिल्यांदा सेलमला निघाले
तेव्हा आईने अकरा दशम्या बांधल्या होत्या.
एसटी, रेल्वे, पुन्हा रेल्वे, मग पायी.
नववी खाताना पेढीची पाटी दिसली.
उरलेल्या दोन त्यांनी मालकापुढे ठेवल्या.
मालक तमिळ. त्याने एक खाल्ली,
दुसरी फडक्यात बांधून घरी नेली.
आई कधी मिरजेच्या पुढे गेली नव्हती,
तिला घट कुणी शिकवली असेल?

निळी बुक केली.
लेक फोनवर म्हणाली, "कमी जाते ती घेतली?"
म्हटलं, जिची घट आधी कळली ती.
ती "हं" म्हणाली. पटलं नसावं.
मलाही रात्री कधी पांढरी दिसते,
चित्रदुर्गच्या पवनचक्क्यांखालून न थांबता जाणारी,
काच खाली, कोपर बाहेर,
चालवणारा पंचवीस वर्षांचा,
त्याला अजून कसलीच भूक लागलेली नाही.

गुरुवारी हुबळीला पुन्हा फोन करायचा आहे.